साखरशेतचा माग आणि पेटीतले सूत

मी, श्रीमती आशालता उत्तम बिरारी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार साखरशेत, तालुका जव्हार, जिल्हा पालघर, माझ्यामागे माझे काय कोणाकडे जावे हे या कागदावर लिहून ठेवत आहे. अक्षर माझे आहे, डोके ठिकाणावर आहे आणि मला हे लिहायला कोणी बसवलेले नाही. तसा जव्हारच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटातली गाठ दिवाळीपर्यंत थांबेल असे त्यांना वाटत नाही, म्हणून घाई. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही. वकीलसाहेबांनी एका पानाचा नमुना दिला होता. माझे वाढत गेले. "बाई, यात मिळकत कमी आणि बाकीचंच जास्त आहे," असे ते म्हणाले. ते बरोबर आहे, पण बाकीचे गाळले तर मिळकतीचा अर्थ लागणार नाही.

१. जव्हारच्या बँकेत माझ्या खात्यावर त्या दिवशी जे असेल ते माझा एकुलता एक मुलगा सौरभ याला मिळावे. तो पत्नी दीप्तीसह ठाण्याला राहतो. याला अट काही नाही. सौरभने माझ्यापायी पुष्कळ सोसले आहे. दहावीच्या निरोप समारंभासाठी मी त्याला स्वतः पिकवलेल्या, कातलेल्या आणि विणलेल्या कापडाचा शर्ट शिवला. कापड आधी भिजवून आटवून मग बेतायचे, हे मी पोरींना दरवर्षी शिकवत होते. स्वतःच्या वेळी मला घाई झाली. आदल्या दिवशी शर्ट धुतला आणि बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या. तरीही मी त्याला तोच घालायला लावला, कारण दुसरा शर्ट बाजारचा होता. त्या दिवसाचा फोटो त्याने फाडून टाकला आहे. दीप्तीला लग्नात दिलेली माझ्या हातची साडी ती मिक्सरवर झाकते, हे मी पाहिले आहे. तिच्यावर राग नाही. ती साडी नेसून दोन जिने चढता आले नसते.

२. जव्हारच्या बाजारपेठेतले बिरारींचे कापडदुकान माझे नाही आणि माझा त्यावर हक्क नाही, हे मुकेशच्या समाधानासाठी लिहिते. मुकेश हा माझ्या दिरांचा मुलगा. वाटणीत दुकान दिरांकडे गेले आणि माझ्या नवऱ्याच्या वाट्याला साखरशेतचा माळ आला, जो त्यांच्या पश्चात माझ्या नावे आहे. माझे यजमान भांडले नाहीत. मीही भांडले नाही, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात कापूस शिरला होता आणि त्याला माळच हवा होता. पुढे मी मुकेशला माझ्या कापडाचे चार तागे विकायला दिले. महिन्याने गेले तर एक तागा दुकानाच्या पायरीवर अंथरलेला होता आणि गिऱ्हाइके त्याला चिखलाचे पाय पुसून आत पॉलिस्टर बघायला जात होती. "काकू, पाणी छान शोषतं हो," असे तो मला म्हणाला. उरलेले तीन तागे त्याच्याकडेच आहेत. ते मी त्याला कायमचे देते. पायरी लांब आहे, उपयोगी पडतील.

३. माझे अंगावरचे कपडे: घरात विणलेल्या चार साड्या आणि सहा पोलकी. हे कोणाला द्यावे हे मला कळत नाही, म्हणून ज्याला हवे त्याने न्यावे. आणखी एक गोष्ट इथे नोंदवते. मुंबई-पुण्याहून माणसे यायची, मला मागावर बसवून फोटो काढायची, आणि ही बाई बाजारचा धागासुद्धा अंगाला लावत नाही असे लिहायची. मी कधी नाही म्हटले नाही. त्या साडीखाली माझा परकर मुकेशच्या दुकानातला असायचा, नाडीसकट. पोलक्याचे हुक बाजारचे, सुई बाजारची, शिवायचा दोराही बाजारचा, कारण माझे सूत मशीनच्या सुईत तुटायचे. बावीस वर्षांत मी एकाही माणसाला, स्वतःलासुद्धा, आतून-बाहेरून माझ्या कापडात उभे करू शकले नाही.

मी गेल्यावर माझ्यावर माझ्या हातचे कापड घालू नये. मुकेशच्या दुकानातून जे स्वस्त असेल ते आणावे.

४. हातमाग तीन, चरखे पाच, सरकी काढायचा रेचा एक, पिंजण, फणी, धोटे आणि शिवणयंत्र. शिवणयंत्र जवळच्या वांगणी पाड्यातल्या ज्या मुलीला शिवण येते तिला द्यावे. ती कोण, हे नितीन सांगेल. नितीन आमच्या बाजूला जीप चालवतो आणि घराघरातले त्याला ठाऊक असते. बाकीच्याचे सरपण करावे. लाकूड सागाचे आहे, म्हणून कोणाला हळहळ वाटेल. वाटू द्यावी.

हे सगळे कसे सुरू झाले तेही सांगते. मी एका आश्रमशाळेत शिवण शिकवायचे. गणवेशाचे कापड बाहेरून यायचे, पोरांच्या अंगावर जुलैत विरायचे आणि पुढचे येईपर्यंत पोरे ठिगळांवर राहायची. मला वाटायचे, भात आपले, नागली आपली, घराच्या कुडाच्या काठ्या आपल्या, मग अंगावरचेच तेवढे दुसऱ्याच्या मर्जीचे का? इथल्या पावसात शेतातला कापूस टिकत नाही. पण साखरशेतात पोशीआजी म्हणून एक म्हातारी होती, तिच्या अंगणात देवकापसाचे झाड होते. पाऊस संपल्यावर ते फुलायचे आणि होळीच्या सुमारास बोंडे उकलायची. म्हातारी त्याच्या वाती वळून जव्हारला विकायची. मी तिच्याकडून सरकी घेतली आणि माळावर चाळीस झाडे लावली. "इतक्या वाती कोन जाळंल, बाय?" असे तिने विचारले होते. मी तिला कपड्यांचे सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसली.

चाळीस झाडांच्या वर्षभराच्या कापसात सात लुगडी होतात. सात. हे मला दुसऱ्या वर्षीच कळले होते. एकट्या वांगणीत अंगे किती आहेत हेही मला माहीत होते. तरी मी माणसांना सांगत राहिले की झाडे वाढवू, हात वाढवू. मी शिक्षिका असल्यामुळे माणसे माझे ऐकत, हेच त्यांचे चुकले.

५. पत्र्याच्या पेट्या तीन. रिकाम्या आहेत. कोणी वापरू नयेत.

वकीलसाहेबांनी विचारले होते की तुमच्यावर कोणाचा हक्क लागतो का. लागतो, आणि तो या पेट्यांमुळे लागतो. हे कलम त्यांनी दोनदा गाळायला सांगितले. मी ठेवले आहे.

सुकरी लाडक्या भोये ही वांगणीची, माझी जुनी विद्यार्थिनी; शाळा वर्षभरातच सुटली, अक्षर हाती लागले नाही. लग्न होऊन पोर झाली तरी मला ती शाळेतल्यासारखी "बाई"च म्हणायची. वांगणीची बहुतेक घरे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि होळीला परततात. भट्टीवर नवरा-बायको जोडीनेच घेतात. बाई नसेल तर बाप्याला कोणी उचलत नाही. २०१८ साली सुकरीने तिच्यासकट आठ बायका जमवल्या. माझा काही वर्षांचा साठवलेला कापूस त्यांनी उन्हाळाभर घरी टकळीवर आणि चरख्यावर कातला. ठरले असे की दिवाळीनंतर आठही घरांनी भट्टीवर जायचे नाही. पोराबाळांसह माझ्या माळावर राहायचे, भात माझे खायचे, ते सूत मागावर चढवायचे आणि होळीपर्यंत वांगणीच्या प्रत्येक पोराला दोन जोड कपडे करायचे. जास्तीचे कापड विकायचे. सुकरीची मुलगी वर्षा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्याइतके बारीक सूत आम्हा कोणालाच जमत नव्हते. ती बोलत असायची आणि धागा आपला निघत असायचा.

मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावावी लागते, नाहीतर ते तुटते. आमच्याकडे खळ नागलीच्या पेजेची. दिवाळीत वेळ जाऊ नये म्हणून मी ती मे महिन्यातच सगळ्या सुताला लावली, वाळवली आणि सूत पेट्यांत भरले. पोशीआजी तेव्हा जिवंत होती. पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "पेज लावलेलं सूत लगेच विनाया पायजे. पावसात पेटीत घातलंस तं त्याला बुरशी लागंल. नागली ती, खायाची चीज." मी तिला सांगितले की पेटीचे झाकण घट्ट आहे. वातींवर जन्म काढलेल्या म्हातारीला सुतातले काय कळते, असे मला वाटले होते. हे मी बोलले नाही, पण वाटले होते.

घटस्थापनेच्या दिवशी मी पेट्या उघडल्या. आंबूस वास आला. एक पेटी वरून बरी होती. दोन पेट्यांतले सूत काळे पडले होते आणि खालच्या लडींना कसर लागली होती. हातात धरले की तुटत होते. आठ बायकांचा आणि एका पोरीचा सगळा उन्हाळा त्यात होता. मी झाकणे लावली.

मुकादम वांगणीत दसऱ्याला येतो आणि भट्टीसाठी नावे लिहून घेतो. म्हणजे माझ्या हातात नऊ दिवस होते. दसऱ्याला मी स्वतः वांगणीला गेले आणि सुकरीच्या दारात बसले. समोर मुकादम वहीत नावे घालत होता. तो ओळखीचा, गावाला धरून वागणारा माणूस होता. आठही बायका माझ्याकडे बघत होत्या. सुकरीने विचारले, "बाई, सूत हाय ना?"

मी म्हटले, "आहे."

आठ घरांची नावे न घालताच मुकादम दुसऱ्या पाड्याला निघून गेला. मी तसे का म्हटले याचा मी सात वर्षे विचार केला आहे. चार दिवसांनी मुंबईची माणसे बघायला येणार होती, हे एक. पोशीआजीचे खरे झाले हे मला कोणाला कळू द्यायचे नव्हते, हे दुसरे. आणि काहीतरी जमेल असेही वाटले होते, पण हे तिसरे मी आता धरत नाही.

दिवाळी झाली, आठ घरे माझ्या माळावर आली. बरी पेटी वीस दिवसांत संपली. मग मी सगळ्यांसमोर दुसरी पेटी उघडली, जणू पहिल्यांदाच उघडते आहे. मी तोंडाला पदर लावला. रडलेही, आणि ते रडणे खरे होते, म्हणून कोणाला संशय आला नाही. सुकरीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुजा काय दोष, बाई. पावसानं खाल्लं," असे ती म्हणाली.

आठ घरांना पुरेल इतके भात माझ्याकडे नव्हते. ओळखीच्या मुकादमाची जोडपी पूर्ण भरली होती. पौषात ती घरे एका अनोळखी माणसाबरोबर भिवंडीच्या पुढे कुठल्याशा भट्टीवर गेली. ओळखीचा मुकादम पोरांना यंत्राजवळ फिरकू देत नसे. तिथे तसे कोणी बघणारे नव्हते. माघात माती मळायच्या यंत्रात वर्षाचा उजवा हात सापडला. तीन बोटे गेली, अंगठा आणि करंगळी राहिली.

सुकरी मला कधी एका शब्दाने बोलली नाही. त्यानंतरही सहा वर्षे दर फाल्गुनात ती बोंडे वेचायला येत राहिली, येताना माझ्यासाठी वरईचे पीठ आणत राहिली. तिने आणलेल्या पिठाची भाकरी मी खाल्ली. हे मी कसे केले ते मला सांगता येत नाही. मी वाईट माणूस आहे असे लिहिले तर वकीलसाहेब हसतील, पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

गाठीचे कळल्यावर, यंदाच्या श्रावणात, मी वांगणीला जाऊन तिला सांगितले. ती भाजी निवडत होती.

"म्हंजे तुला ठावं होतं," ती म्हणाली.

"होतं."

"दसऱ्याला?"

"दसऱ्याला."

तिने जुडी पूर्ण निवडली, देठ बाजूला सारले आणि म्हणाली, "तुजी जीप जाईल. ऊठ."

६. ~~साखरशेत येथील माझी दोन एकर जमीन, त्यावरील घर, मागाची शेड, विहीर आणि झाडे ही सर्व मिळकत सुकरी लाडक्या भोये, राहणार वांगणी, हिला पूर्ण मालकीने मिळावी. सौरभने आपला हक्क आधीच सोडून दिला आहे. वर्षा अजून सज्ञान नाही म्हणून तिच्या आईचे नाव घातले आहे.~~

वरील कलम मी आज सकाळी रद्द केले आहे. वकीलसाहेब नवा कागद घ्या म्हणत होते. मी खोडलेले तसेच ठेवले आहे, म्हणजे काय लिहिले होते ते दिसेल. खाडाखोडीपाशी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची निशाणी आहे. ते का रद्द केले, ते असे.

मी नितीनबरोबर सुकरीला निरोप धाडला होता की जमीन तुझ्या नावे करते आहे, सहीच्या दिवशी ये. महिनाभर तिने उत्तर दिले नाही, म्हणून मला वाटले येणार नाही. आज ती नितीनच्या जीपमधून आली. वर्षा बरोबर होती. पोरगी जीपमधून उतरली नाही. मी पडवीतून हाक मारली तर तिने मान वळवली नाही.

सुकरी पायरीवर बसली. मी चहा ठेवला, तो तिने घेतला नाही. साक्षीदार म्हणून नितीन होता आणि दुसरा शेजारचा माणूस यायचा होता, त्याची वाट बघत होतो. वकीलसाहेब तिला समजावून सांगू लागले, "तुला मिळकत मिळणार आहे, तेव्हा तू साक्षीदार नको. ज्याला मिळायचं त्याने साक्ष घालू नये. उद्या कोणी कोर्टात गेलं तर तुझं जाईल."

"साक्षीदाराला काय नाय मिळत?" तिने विचारले.

"नाही. त्याने नुसती साक्ष द्यायची."

तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग ती म्हणाली, "मंग मना साक्षीदार कर."

वकीलसाहेबांना वाटले तिला समजले नाही. "अगं, दोन एकर आहे. पक्कं घर आहे, विहीर आहे."

"आयकलं मी."

मी म्हटले, "सुकरी, माझ्याकडून घेऊ नकोस. वर्षासाठी घे. तिला कोण घेईल भट्टीवर? इथे ती बसून खाईल."

"पोरीचं नाव बी नको घालू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुजे घरात ऱ्हायलो ना, तं लोकां म्हनतील, बाईनं दिलं. चांगली होती बाई. येनारा जानारा म्हनंल. नि मना मान हालवाया लागंल. मी नाय हालवनार."

मी तिचे पाय धरायला उठले. उठायला मला वेळ लागतो. तेवढ्यात ती पाय मागे घेऊन उभी राहिली होती.

"तू सांगलंस, चांगलं केलंस," ती म्हणाली. "पन सांगून झाल्यावर तुला मोकळं कराया मी नाय बसलेली. कागद आन."

मला वाटले होते की हे एवढे तरी माझ्या हातून होईल. सात लुगड्यांचे फसले, आठ घरांचे फसले, पण जमीन द्यायला काही यावे लागत नाही, सही पुरते. तेही मला देता आले नाही. इथून पुढे माझ्यापाशी करण्यासारखे काही उरलेले नाही, आणि हे मी डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे.

७. तेव्हा वरील जमीन, घर, शेड, विहीर आणि झाडे सौरभला मिळावीत. तो विकेल. दाभोशाच्या धबधब्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधणारे लोक दोनदा येऊन जागा बघून गेले आहेत. त्याला कोणी दोष देऊ नये. झाडे तोडायची असतील तर तोडावीत.

८. हा कागद अमलात आणायचे काम सौरभने करावे. माझी शोकसभा घेऊ नये. कोणी घेतलीच, तर तिथे कलम ५ वाचावे.

साक्षीदाराने आतला मजकूर ऐकायची गरज नसते, लिहिणारीने समोर सही केली एवढे पुरते, असे वकीलसाहेबांनी सुकरीला सांगितले. ती म्हणाली, "साक्ष द्यायाची तं काय झालं त्ये आयकाया पायजे." म्हणून मी पहिल्यापासून सगळे वाचून दाखवले. दहावीच्या शर्टापाशी ती किंचित हसली असे मला वाटले, खात्री नाही. कलम ५ झाल्यावर तिने हात वर केला आणि ते परत वाचायला सांगितले. मी परत वाचले. दुसऱ्या वेळी मला मध्ये दोनदा थांबावे लागले. ती थांबली. आता मी दोघांसमोर सही करते आहे.

ठिकाण: साखरशेत, तालुका जव्हार, जिल्हा पालघर
दिनांक: १७ सप्टेंबर २०२५

सही: आशालता उत्तम बिरारी

साक्षीदार: नितीन, जीपचालक. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही.

साक्षीदार: सुकरी लाडक्या भोये, राहणार वांगणी. डाव्या हाताचा अंगठा. तिने सांगितले तसे तिच्या शब्दांत वकीलसाहेबांनी लिहून घेतले:

"दोनदा आयकलं. खरं हाय. मी काय घेतलं नाय."